चांदवेल की आयपोमिया?

निफाडकडच्या काळ्या रानात जानेवारीत गव्हाच्या काडीला वेढे घातलेला वेल दिसला, की बांधावरूनच नाव येतं: चांदवेल. शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलस अर्व्हेन्सिस. हे नाव बहुतेकदा पानावरून ठरतं आणि घोटाळा तिथेच होतो. पान बाणाच्या टोकासारखं, बुडाशी दोन कान बाहेर फाकलेले, हे खरं. पण एकाच वेलावर काही पानं रुंद, काही पार चिंचोळी असतात. शिवाय त्याच कुळातल्या आयपोमियाच्या काही जातींची पानंही बुडाशी अशीच फाकतात. पिळाचाही उपयोग नाही. वरून पाहिलं तर शेंडा घड्याळाच्या उलट फिरतो, पण आयपोमियाही तसाच फिरतो.

फूल मात्र सकाळीच गाठावं लागतं. दुपारनंतर मिटलं की ते पुन्हा उघडत नाही. जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं, पांढरं किंवा फिकट गुलाबी नरसाळं. रंगावर विसंबू नये. नखाने एक बाजू चिरून ते भिंगाखाली धरलं, की पाच पुंकेसरांच्या मधून एक बारीक कुक्षिवृंत वर आलेला दिसतो. त्याच्या टोकाला दोन लांबट, दोऱ्यासारखे फाटे असतील तर तो चांदवेल. तिथे गोल गाठ असेल तर आयपोमिया. एवढी एक खूण पुरते, तरी मी देठही पाहतो: चांदवेलाच्या फुलाच्या बरंच खाली दोन इवलीशी सहपत्रं चिकटलेली असतात. ती साध्या डोळ्यांना दिसतात, पण सहसा कोणी पाहत नाही.

फूलच नसेल तर खुरपं घ्यायचं. वर्षायू आयपोमिया ओल्या मातीतून सोटमुळासकट हाती येतो. चांदवेल मात्र कटकन तुटतो, आणि खाली उकरत गेलं की पांढरी, ठिसूळ मुळं आडवी पळताना दिसतात; उभं मूळ तर काही मीटर खोल जातं. निंदणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "दादा, ह्याला उपटलं की आणखीच येतंय." येणारच. मुळाच्या तुकड्यावरच्या कळीतून नवा कोंब फुटतो. हे त्यांनी भिंगाशिवाय ओळखलेलं लक्षण.

म्हणूनच ओळख नांगरटीआधी पटायला हवी. त्या पट्ट्यात रोटाव्हेटर घातला तर एका मुळाचे अनेक वेल होतात, आणि पात्यांत अडकलेले तुकडे झाडून न काढता यंत्र पुढच्या शेतात नेलं, तर तिथेही.