खासगी शिकवणी वर्गांची जाहिरात आणि पालकांचा ताण : लातूर व नांदेडच्या संदर्भात

प्रस्तावना :

लातूर व नांदेड ही मराठवाड्यातील दोन शहरे आज शिक्षणाच्या मोठ्या बाजारपेठा झाली आहेत. लातूरच्या राजर्षी शाहू व दयानंद या महाविद्यालयांनी जादा तासिका व सराव परीक्षांच्या बळावर राज्याच्या गुणवत्ता यादीत स्थान मिळविले आणि 'लातूर पॅटर्न' ही संज्ञा रूढ झाली. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश पूर्णतः 'नीट' परीक्षेवर अवलंबून झाले व खासगी शिकवणी वर्गांचे महत्त्व आणखी वाढले. या वर्गांचा खरा ग्राहक विद्यार्थी नसून पालक आहे. त्यामुळे पालकांचा ताण समजून घेणारी जाहिरात कशी असावी, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

पालक-ताणाची संकल्पना :

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अबिडिन यांनी १९८३ मध्ये पालक-ताण मोजण्याची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीनुसार हा ताण पाल्याची वैशिष्ट्ये, पालकाची स्वतःची स्थिती आणि भोवतालची परिस्थिती या तीन स्रोतांतून निर्माण होतो. मराठवाड्यात हे तिन्ही स्रोत एकाच वेळी कार्यरत असतात.

ताणाचे स्थानिक स्वरूप :

पहिला ताण आर्थिक आहे. जून महिन्यात बी-बियाणे व खतांसाठी पैसा लागतो आणि शिकवणीचे शुल्कही साधारणतः त्याच सुमारास भरावे लागते. सोयाबीनचा पैसा मात्र दसरा-दिवाळीच्या आसपास हाती येतो. मधले अंतर उसनवारीने किंवा कर्जाने भरून काढावे लागते. दुसरा ताण कौटुंबिक आहे. अनेक घरांत आई मुलासोबत शहरात खोली करून राहते व वडील गावी शेती सांभाळतात. एका घराचे दोन संसार होतात. तिसरा ताण अनिश्चिततेचा आहे. २०२४ मध्ये सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी 'नीट'साठी नोंदणी केली, तर देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या.

शिवाय अध्यापनाचा दर्जा पारखण्याचे साधन बहुतेक पालकांजवळ नसते. विपणनशास्त्रात अशा सेवेला विश्वासाधारित सेवा म्हणतात. साहजिकच फलकावरील यशवंतांची छायाचित्रे हाच पालकांचा मुख्य आधार ठरतो.

जाहिरातीतील उणीव :

फलकावर चाळीस छायाचित्रे असतात. परंतु हे चाळीस दोनशेंपैकी की दोन हजारांपैकी, हे लिहिलेले नसते. विद्यार्थ्याने दोन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम केला की केवळ सराव चाचण्या दिल्या, हेही कळत नाही. 'मोजक्याच जागा शिल्लक' या वाक्याने विचार करण्याचा अवधी हिरावला जातो. ही जाहिरात पालकांचा ताण ओळखते, परंतु तो हलका करण्याऐवजी त्याचा वापर करते.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर केलेली मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची आहेत. त्यांनुसार निवड झाल्यानंतर घेतलेल्या लेखी संमतीविना विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही. छायाचित्रासोबत गुणानुक्रम व अभ्यासक्रमाचे स्वरूप देणे बंधनकारक आहे. जागांबाबत खोटी घाई निर्माण करण्यासही मनाई आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सहानुभावी विपणनाची दिशा :

कायद्याचे पालन ही किमान अपेक्षा होय. सहानुभावी विपणनाने त्यापुढे जावयास हवे. त्यासाठी पुढील बाबी विचारात घेता येतील.

१. यशस्वी विद्यार्थ्यांसोबत एकूण प्रवेशितांची संख्या द्यावी.

२. शुल्काचे हप्ते पीकहंगामाशी जुळवावेत. मोठा हप्ता दिवाळीनंतर ठेवावा.

३. शिकवणी, खोली व खानावळ मिळून दोन वर्षांचा अंदाजे खर्च आधीच सांगावा.

४. मध्येच शिकवणी सोडल्यास उर्वरित काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ही माहिती जाहिरातीतच द्यावी.

अशा स्पष्टतेमुळे ग्राहक दुरावतील, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तात्पुरते काही प्रवेश कमी होतीलही. तथापि ग्रामीण पालक पाहुण्या-रावळ्यांच्या व गावातील इतर पालकांच्या अनुभवावर विसंबतो. फसवणुकीची भावना घेऊन परतलेले एक कुटुंब अनेकांना सावध करते, तर खरी माहिती मिळालेले कुटुंब इतरांना पाठविते. मात्र आई-मुलाचे भावस्पर्शी चित्र व 'आपली काळजी आम्ही जाणतो' एवढी ओळ म्हणजे सहानुभाव नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

निष्कर्ष :

सहानुभाव जाहिरातीच्या भाषेत नसून तिच्यातील माहितीत व त्यामागील व्यवहारात असतो. जाहिरात वाचून गावाकडच्या पालकाला खर्चाचा व शक्यतेचा हिशेब मांडता आला, तरच ती सहानुभावी म्हणता येईल. वाणिज्य विभागांनी परिसरातील जाहिराती या निकषावर विद्यार्थ्यांकडून तपासून घेतल्यास विपणनाचे अध्यापनही परिसराशी जोडले जाईल.