टिळकांच्या घरची लक्ष्मी

सेवाव्रती माणसाचा सत्कार होतो तेव्हा हार त्याच्या गळ्यात पडतो. त्याच्या घरची चूल पेटती ठेवणारे माणूस पुष्कळदा त्या सभेला आलेलेही नसते. मराठीत मात्र अशा एका स्त्रीने स्वतःच्या लेखणीने हे घर आपल्याला आतून दाखवले आहे. ती स्त्री म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची कविता आपण शाळेपासून वाचत आलो. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर-राहुरीकडे त्यांनी ख्रिस्ती धर्मकार्य केले, आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून, संन्यासवृत्तीने 'देवाचा दरबार' स्थापन केला. हा त्याग मोठाच. पण त्याची किंमत कोणी मोजली?

धर्मांतराची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या, बालपणी लग्न झालेल्या आणि पदरी लहान मुलगा असलेल्या स्त्री होत्या. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, परंतु लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद खोटा आहे हे त्यांच्या स्वतःच्या मनाला पटले, त्यानंतरच १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जोडीदाराला साथ देणे म्हणजे डोळे मिटून मागे चालणे नव्हे, हे त्यांच्यापासून शिकावे.

टिळकांचा हात सढळ होता. घरात काय शिल्लक आहे याचा हिशेब त्यांच्या गावी नसे. लक्ष्मीबाई हे सारे लिहितात. पतीचा तापट स्वभाव, धरसोड, झालेली भांडणे, काहीच झाकत नाहीत. तरीही पुस्तक मिटल्यावर टिळकांविषयीचा आपला आदर वाढलेला असतो. कारण हा गौरव लांबून हार घालणाऱ्याचा नाही. ज्या माणसाने दोष सोसले आणि तरीही थोरवी ओळखली, त्याचा तो आहे.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहाएक अध्यायांवर राहून गेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आणि पतीकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या. मृत पतीचे यापेक्षा मोठे स्मारक कोणते असू शकेल?

हे वाचताना मला आमचे घर आठवले. आमचे अण्णा दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर जातात आणि वारकऱ्यांच्या स्वयंपाकात विनामोबदला राबतात. गावात त्यांना मान आहे, आणि तो योग्यच आहे. पण वारी येते ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. त्या दिवसांत पाभरीमागे आई असते, गोठ्यात आई असते, आणि सावकाराच्या माणसाला ओट्यावरून परत पाठवणारीही आईच असते. पंढरपूर तिने अजून पाहिलेले नाही.

सुटीत मी आईला 'स्मृतिचित्रे'तील काही पाने वाचून दाखवली. आईला वाचता येत नाही. ती मध्येच हसली व म्हणाली, "या बाईला समदं ठावं हाय गं!" अण्णा दारात बसून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना म्हणाले, "औंदा तूही चल. पेरणीचं बघू आपण."

सेवा करणाऱ्याला आपण नमस्कार करावाच. मात्र तो करताना त्याच्या घराच्या उंबऱ्यापाशीही क्षणभर थांबावे, एवढेच या लेखाचे मागणे.