ओहमचा पिळाचा तराजू

विद्युतदाबाला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि दाबाने धारेला गुणले की शक्ती मिळते, ही शालेय पाठ्यपुस्तकातली दोन सूत्रे आज इतकी सरावाची झाली आहेत की त्यांतले पहिले सूत्र ज्या एका उपकरणातून हाती आले, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. हे उपकरण गेओर्ग झिमोन ओहम यांनी 1826 साली कोलोन येथे, तेथील शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असताना, स्वतः सिद्ध केले. 1789 मध्ये एर्लांगेन येथे जन्मलेल्या ओहम यांचे वडील कुलपे बनवणारे कारागीर होते आणि धातू हाताळण्याचे घरातले हे शिक्षण मुलाच्या गणिताइतकेच या कामी उपयोगी पडले.

उपकरणाची गरज एका अपयशातून निर्माण झाली होती. 1825 मध्ये ओहम यांनी विद्युतघट वापरून निरनिराळ्या लांबीच्या तारांतून धारा कशी घटते हे मोजले आणि त्यावरून लॉगरिथमवर आधारलेले एक सूत्र प्रसिद्ध केले, परंतु ते चुकीचे ठरले. त्या काळचे विद्युतघट मंडल जोडताक्षणी जोर दाखवत आणि पुढे मंदावत जात, त्यामुळे दोन वाचनांमधला फरक तारेमुळे पडला की घटामुळे, हे सांगता येत नसे. योहान पोगेनडॉर्फ यांनी यावर असा उपाय सुचवला की घट बाजूला ठेवून झेबेक यांनी नुकत्याच शोधलेल्या उष्णताजन्य विजेचा आधार घ्यावा. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले तर मंडलातून धारा वाहते, आणि तापमाने स्थिर असतील तोवर तिला वाहवणारा दाबही स्थिर राहतो. ओहम यांनी बिस्मथच्या दांड्याला तांब्याच्या पट्ट्या जोडल्या, एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला आणि दुसरा बर्फाच्या तापमानाला ठेवला. उकळते पाणी आणि वितळता बर्फ प्रयोग चालू असेपर्यंत आपापल्या तापमानाला स्थिर राहतात, आणि नियमाचा सगळा पाया या स्थैर्यावर उभा आहे.

धारा मोजण्यासाठी कुलाँ यांच्या पद्धतीचा पिळाचा तराजू होता. मंडलातल्या पट्टीच्या वर सोन्याच्या चपट्या तारेने एक चुंबकसूची टांगलेली असे. धारा वाहू लागली की सूची वळे आणि वरची मूठ फिरवून टांगणीच्या तारेला इतका पीळ द्यायचा की सूची मूळ जागी परत येईल, मग तो पीळ किती पडला यावरून धारेचे चुंबकीय बल कळे. तपासायच्या तारेची टोके पाऱ्याने भरलेल्या वाट्यांत बुडवली जात, म्हणजे जोडणी दर वेळी सारखी होई. सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत आखूड 2 इंच, तर सर्वांत लांब सुमारे 130 इंच होती.

आलेले आकडे बारकाईने पाहण्याजोगे आहेत. 2 इंची तारेला वाचन जवळजवळ 327 आले आणि 130 इंचीला 48.5, म्हणजे तार सुमारे 65 पट लांब झाली तरी वाचन सात पटींनीही घटले नाही. साधे व्यस्त प्रमाण येथे बसत नाही. परंतु प्रत्येक लांबीत 20.25 इंच मिळवले आणि 7285 या अंकाला त्या बेरजेने भागले, तर आठही वाचने थोड्याफार फरकाने जुळतात. हा मिळवलेला अंक म्हणजे बिस्मथ, पट्ट्या आणि सांधे यांचा स्वतःचा रोध होय, जो तपासायच्या तारेबरोबर नेहमीच मंडलात असतो पण बाहेरून दिसत नाही. ओहम यांनी पुढे तापमानांमधला फरक बराच कमी केला, तेव्हा दाब दर्शवणारा 7285 हा अंक सुमारे दशांशावर आला आणि 20.25 मात्र जागचा हलला नाही. दाब आणि रोध या दोन स्वतंत्र राशी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारी कसोटी कल्पिणे कठीण आहे, आणि ओहम यांची खरी थोरवी या शेवटच्या तपासणीत आहे.

1827 मध्ये या विषयावरचा त्यांचा गणिती ग्रंथ बर्लिनमध्ये निघाला, पण जर्मनीत त्याचे स्वागत थंडपणे झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोप्ली पदक दिले, तेव्हा कोठे त्याची दखल घेतली गेली. त्याच वर्षी जेम्स जूल यांनी दाखवले की तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. ओहमच्या नियमाशी हे जोडले की शक्ती, म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा वेग, दाब आणि धारा यांच्या गुणाकाराएवढी येते. 230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर म्हणूनच सुमारे 8.7 अँपिअर धारा घेतो आणि त्याच्या तारेचा रोध साधारण 26.5 ओहम असतो; दाब 200 व्होल्टवर उतरला तर शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घसरून सुमारे 1500 वॅट उरते. मात्र रोध स्थिर धरणे हे येथले गृहीतक आहे. 60 वॅटच्या जुन्या दिव्याचा रोध याच रीतीने 882 ओहम निघतो, पण तो तापलेल्या तंतूचा. थंड तंतूचा रोध त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो.

ओहम यांना सापडलेला तो आतला रोध प्रत्येक सेलमध्येही असतो. बाहेर काहीही न जोडता 1.5 व्होल्ट दाखवणारा सेल अर्धा अँपिअर देताना 1.3 व्होल्टवर उतरला, तर हरवलेल्या 0.2 व्होल्टला 0.5 ने भागून त्याचा अंतर्गत रोध 0.4 ओहम मिळतो, आणि एकूण 0.75 वॅटपैकी 0.1 वॅट सेलच्या पोटातच उष्णता होऊन जातो. सेल जुना होताना हा रोध वाढत जातो, म्हणून व्होल्टमापी एकटाच लावल्यास जवळपास पूर्ण दाब दिसत असतानाही विजेरी मंद पेटते. असा सेल पारखायचा तर त्यातून धारा वाहत असतानाच दाब मोजावा लागतो.