ताजा व्रण आणि जुना वण

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशात एखाद्या प्रौढ मनुष्याच्या फुफ्फुसाच्या शिखराशी डाग आढळणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. खरी अडचण ही की, त्या डागाच्या ठायी रोग आजही नांदत आहे, की कैक वर्षांपूर्वीच शमून केवळ आपला वण मागे ठेवून गेला आहे, याचा उलगडा बरगड्या, हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या छाया एकमेकींवर पाडणाऱ्या साध्या एक्स-रेवरून पुष्कळदा होत नाही.

लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचे छेद घेतले आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेच सीटी स्कॅन यंत्र आज छातीचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे छेद काढून वरील अडचण बऱ्याच अंशी दूर करते.

फुफ्फुस हे एक ते अडीच सेंटिमीटर आकाराच्या असंख्य खंडिकांचे बनलेले असून प्रत्येकीच्या मध्यभागी एक सूक्ष्म श्वासनलिका शिरते. रोग श्वासमार्गाने पसरू लागला म्हणजे या नलिका किलाटासारख्या द्रव्याने भरतात, आणि मग छेदावर दोन ते चार मिलिमीटरांचे ठिपके व त्यांना जोडणाऱ्या शाखायुक्त रेषा उमटतात. यालाच रेडिऑलॉजिस्ट ‘ट्री-इन-बड’, म्हणजे कळ्या धरलेली फांदी, म्हणतात. तिच्या जोडीला जाड भिंतीची पोकळी आणि धूसर कडांचे घट्ट झालेले भाग असले, तर रोग जागा असल्याचा संशय बळावतो. उलट चुनखडीचे कठीण कण, तंतूंचे पट्टे आणि त्यांनी ओढून वेड्यावाकड्या केलेल्या नलिका हा बहुधा जुन्या रोगाचा दप्तरी दाखला होय.

‘बहुधा’ हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे. बरे झाल्यावरही पोकळी उरू शकते. चुन्याच्या कणाशेजारीच नवा रोग उद्भवू शकतो. कळ्यांची ती फांदी इतर जंतूंच्या संसर्गात, किंबहुना अन्न श्वासमार्गात गेल्यानेही दिसते. आणि एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात पोकळी मुळीच न पडण्याचा संभव असतो. सबब, कितीही सूक्ष्म छेद घेतले तरी यंत्राला जंतू दिसत नाही. त्याला दिसते ती जंतूने केलेली नासधूस. निर्णायक पुरावा थुंकीतील जंतूची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीचा आणि कल्चरचाच, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचाच. थुंकीत जंतू सापडत नाहीत, किंवा थुंकीच पडत नाही, तेव्हा दुर्बीण नेमकी कोणत्या नलिकेत घालून नमुना घ्यावा हे सांगणे, ही या यंत्राची माझ्या मते सर्वांत मोलाची कामगिरी.

ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे त्यांनी आपले जुने एक्स-रे आणि स्कॅन रद्दीत घालू नयेत. काही महिन्यांमागच्या चित्राशी ताडून पाहता डाग जसाच्या तसा आहे की वाढला आहे, हे कळण्यासारखी दुसरी मदत अहवाल लिहिणाऱ्याला क्वचितच मिळते.