‘सी’पासून सुरू होणारा नंबर

सकाळी साडेसात

जुन्या इंजिनावरचा नंबर वाचायचा तर ऊन तिरपं असताना. सूर्य वर चढला की ओतीव लोखंडावर ठोकलेले आकडे दिसेनासे होतात. शटरखालून आडवा उजेड येतो तेवढ्या वेळात प्रत्येक ठोक्याची सावली पडते. म्हणून फलटणकडून आलेल्या मॉडेल टी फोर्डचा नंबर चहाच्याही आधी.

इंजिनाच्या डाव्या अंगाला, रेडिएटरचं पाणी ब्लॉकमध्ये शिरतं त्या तोंडाच्या वर, एक सपाट उंचवटा असतो. नंबर तिथे. तारेचा ब्रश मी तिथे कुणालाच लावू देत नाही. शंभर वर्षांचं काळं तेल त्याने निघतं, पण आकड्यांच्या कडाही त्याबरोबर जातात. रॉकेलचं फडकं, बांबूची काडी, पुन्हा फडकं. मग वरून खडू घासायचा. पांढरे आकडे वर आले, आणि सर्वांत पुढे अक्षर: ‘सी’.

‘सी’ म्हणजे कॅनडा. मॉडेल टी 1908 साली डेट्रॉइटला जन्मली आणि मे 1927 मध्ये बंद झाली. तेवढ्यात दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. हिंदुस्थानची बाजारपेठ मात्र फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होती. उजव्या बाजूचं स्टिअरिंग तिथेच लागायचं आणि गाड्या बोटीने मुंबईला यायच्या. 1926 साली इथे फोर्ड कंपनी निघाली, तीही त्या कॅनडावाल्यांचीच. गाडीला चार खरी दारं आहेत, तीही याला धरूनच. अमेरिकेत बनलेल्या त्या काळच्या बहुतेक टी टूरर गाड्यांना डाव्या बाजूचं पुढचं दार नुसतं पत्र्यात उमटवलेलं असे, उघडत नसे.

म्हणजे गाडी कुठली ते कळलं. कधीची, हा प्रश्न उरला.

नऊ

मालकाने दिलेल्या आरसी बुकात उत्पादन वर्ष 1914 आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर या दोन्ही रकान्यांत एकच आकडा. यात लबाडी नाही. टीच्या चौकटीवर जवळजवळ अखेरपर्यंत नंबरच नसे, विसाच्या दशकाच्या मध्यानंतर तो यायला लागला. रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून पूर्वी कुणीतरी इंजिनाचाच नंबर दोनदा लिहिला.

पण 1914? हेड उंच आहे. हे हेड 1917 च्या मॉडेलपासूनचं, त्याआधीचं बुटकं असायचं. पुढे डायनॅमो बसवायची जागा आहे, गिअरच्या झाकणाला स्टार्टरचं भोक आहे. टीला कारखान्यातून इलेक्ट्रिक स्टार्टर मिळू लागला तो 1919 पासून. ड्रायव्हरच्या पायासमोरची भिंत पत्र्याची आहे, आणि पत्र्याची भिंत साधारण 1923 पासून, तोवर ती लाकडी. आणि या सगळ्याच्या पुढे, आरशासारखा लखलखणारा पितळी रेडिएटर! तो 1916 पर्यंतच्या गाड्यांचा. हा तर त्याही काळचा नाही. सांधे बघितले की कळतं, हल्ली नवा बनवून विकतात त्यातला आहे.

टी ओळखणं अवघड जातं ते याचमुळे. एकोणीस वर्षं चौकट तीच, दोन चाकांमधलं अंतर तेच शंभर इंच, इंजिनाची मापं तीच. 1923 चं इंजिन 1915 च्या चौकटीत गपचूप बसतं. चाळीसच्या दशकात एखाद्या तालुक्याच्या गावी मिस्त्रीला जे मिळालं ते त्याने लावलं. त्याला गाडी चालवायची होती, तिचा इतिहास लिहायचा नव्हता. मला त्या मिस्त्रीचा राग येत नाही. पितळी रेडिएटर लावणाऱ्याचा येतो.

साडेदहा

नागपूरहून एकाचा फोन, सोबत फोटो. त्याच्याकडे डेट्रॉइटचा ब्लॉक आहे आणि त्यावर ओतकामातच उमटलेली तारीख: 4 11 21. “काका, चार नोव्हेंबर एकवीस ना?” नाही. अमेरिकेत महिना आधी. अकरा एप्रिल. आणि ही फक्त ब्लॉक ओतल्याची तारीख. इंजिन जुळवून नंबर ठोकला जायचा तो त्यानंतर. नंबरावरून निघणारी तारीख ओतकामाच्या आधीची निघाली, तर नंबर कुणीतरी नंतर ठोकलाय असं समजायचं. त्याला नंबरही पाठवायला सांगितलं.

अकरा ते एक

दिवसाचं खरं काम हे. खालचं झाकण काढून कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं उघडली. टीला तयार बेअरिंगं नसतात. बॅबिट, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट व्हाइट मेटल म्हणतात ते, वितळवून रॉडच्या तोंडात ओतायचं आणि मग बोअर करायचं. बहुतेक कथील, थोडं तांबं, थोडं अँटिमनी. रॉड आधी नीट तापवायचा, कल्हई करायची, आणि एका दमात ओतायचं. मध्ये हात थांबला की थर पडतो आणि पुढे तिथेच तडकतं. आमचा टर्नर हे काम करताना कुणाशी बोलत नाही.

दुसरा, तिसरा, चौथा रॉड ठीकठाक. दोन टोप्यांखालच्या पितळी चकत्या कमी करून ढिलेपणा काढता येईल. पहिला मात्र पार गेलेला, आणि आत काय निघालं तर चामड्याची पट्टी. जुने ड्रायव्हर वाटेत बेअरिंग गेलं की पट्ट्याचा तुकडा कापून घालायचे आणि हळूहळू घरी यायचे. इथे तो तुकडा घरी पोचल्यावरही तसाच राहिला.

पहिलाच का गेला याला कारण आहे. टीला तेलाचा पंप नाही. मागचं फिरतं चक्र तेल उडवतं, एका नळीतून ते पुढे येतं आणि उताराने मागे वाहतं. गाडी चढावर नाक वर करून लांबवर गेली की तेल मागे साठतं आणि पुढचा, म्हणजे पहिला सिलिंडर कोरडा पडतो. मालकाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “आमचे पणजोबा खंबाटकी घाट रिव्हर्समध्ये चढायचे.” ऐकणाऱ्याला थाप वाटते. तसं नाही. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, पंप नाही, पेट्रोल नुसतं उताराने कार्बोरेटरमध्ये यायचं. टाकी अर्धी झाली आणि चढ तीव्र असला की पेट्रोल पोचायचंच नाही. गाडी उलटी फिरवली की टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्सला जोरही जास्त: लो गिअरचं प्रमाण पावणेतीनास एक, रिव्हर्सचं चारास एक. उलटं चढताना तेलही पुढे राहतं. पणजोबा शहाणे होते. घाट सरळ चढणारा कुणीतरी त्यांच्यानंतरचा असावा.

चामड्याचा तुकडा पिशवीत घालून चिठ्ठी लावली. तो मालकाला परत जाईल.

दोन

जेवण झाल्यावर चाकं. एकेका चाकाला बारा आरे, मूळचे हिकरी लाकडाचे. हिकरी लवचिक असते, धक्का पिते. मागच्या डाव्या चाकात मात्र पाच आरे वेगळे, जड, लालसर. सुताराला बोलावून दाखवलं. त्याने नखाने दाबलं, वास घेतला आणि म्हणाला, “बाभूळ. बैलगाडीच्या चाकाची.” काम इतकं नेटकं की सांधा दिसत नाही. ठोकून बघितलं तर सगळे घट्ट बोलले. हे आरे काढायचे नाहीत असं मी ठरवलंय. मालकाला बदलायचे असतील तर त्याने दुसरीकडे जावं.

तोवर डेंटिंगवाल्या चाचांनी मागच्या सीटखालचा पत्रा ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू घासून चार बोटांची खिडकी केली होती. वरून खाली: चंदेरी, लाल, पुन्हा चंदेरी, राखाडी, आणि तळाला काळा. “ये लाल वरातीचा,” चाचा म्हणाले. बहुधा बरोबर आहे. चंदेरीच्या कडेला झेंडूच्या हाराची सुतळी अजून एका नटात अडकलेली होती. तळाचा काळा महत्त्वाचा. 1914 पासून 1925 पर्यंत टी काळ्याच रंगात निघायची. ही गाडी 1914 च्या आधीची असती तर तळाला दुसरा रंग सापडायला हवा होता. नुसत्या काळ्यावरून वर्ष ठरत नाही, पण बाकीच्या पुराव्याच्या आड तो येत नाही, एवढं पुरे.

चार

मालक आले. चाळिशीतले, नम्र, घाईत.

“काका, वर्ष पक्कं झालं का?”

“इंजिन 1919 नंतरचं, बॉडी 1923 च्या आसपासची. रेडिएटर तर तुमच्यापेक्षाही लहान आहे.”

ते हसले नाहीत. “पण रॅलीला पितळच बघतात हो सगळे.”

बघतातच. पितळेमागे फक्त हौस नाही. लंडन ते ब्रायटनच्या धावेत 1905 च्या आधीच्याच गाड्या घेतात, ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब 1918 अखेरपर्यंतच्याच गाड्या आपल्या मानतो. एका वर्षाच्या फरकाने गाडीची किंमत आणि तिला मिळणारं आमंत्रण दोन्ही बदलतात. जगभर लोक गाडीचं वय वाढवायला धडपडतात ते यासाठीच. स्वतःचं वय मात्र कुणी वाढवून सांगत नाही.

मी त्यांना चामडं दाखवलं, बाभळीचे आरे दाखवले, घाटाचं गणित सांगितलं. ते बराच वेळ चाकापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, “काळा रेडिएटर मिळेल का?” मिळेल. आज बुधवार, जुन्या बाजाराचा दिवस, म्हणून तिथे एक माणूस पाठवलाच होता. तो रिकाम्या हाताने आलाय, पण दुसऱ्या टीचा एक पिचका रेडिएटर माझ्याच माळ्यावर आहे.

साडेपाच

कॉइलचा डबा. चार सिलिंडर, लाकडी पेट्यांतल्या चार कॉइल, आत डांबर ओतलेलं. चक्रावरचे सोळा चुंबक फिरून वीज तयार करतात आणि कॉइलची जीभ थरथरून ठिणगी देते. या चारपैकी दोन मुक्या. आतला मेणकागदाचा कंडेन्सर शंभर वर्षांत निकामी झालेला असतो. डांबर तापवून मऊ करायचं, नवा कंडेन्सर घालायचा, पुन्हा डांबर. हातचाकीच्या टेस्टरवर चढवून 1.3 अँपिअरला आणायचं. एक झाली, एक उद्यावर. नवीन पोऱ्याला गुणगुण ऐकायला लावलं. काटा बघण्याआधी कानाने सांग, म्हटलं.

सात

शेवटी अर्ज. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. शुल्क वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चौकट, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा. या गाडीचं मूळ रूप कोणतं? कॅनडाहून आली ते, की घाटात चामडं घालून घरी पोचली ते? अर्जात यासाठी जागा नाही. मी वेगळ्या कागदावर प्रत्येक भाग, त्याची खूण आणि त्यावरून निघणारा काळ असा तक्ता लिहून जोडतो. चासी नंबरासमोर लिहिलं: ‘चौकटीवर नंबर नाही, या मॉडेलला नसे.’ वर्षाच्या चार चौकोनांत 1923.

टर्नरला उद्या सातलाच यायला सांगितलंय. भट्टी पेटायला वेळ लागतो, आणि पहिला रॉड ऊन चढायच्या आत ओतायचा आहे.