मल्लखांबावरून उतरताना

पुरलेल्या मल्लखांबाची जमिनीवरची उंची सुमारे २.६ मीटर असते. त्याच्या माथ्यावरील बोंडावर उभा असलेला खेळाडू सरळ खाली उडी घेतो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बेंबीच्या आसपासचा बिंदू, पाय गादीला लागेपर्यंत जवळजवळ तेवढाच खाली येतो. या प्रवासाला पाऊण सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो आणि अखेरीस वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. हवेत असेपर्यंत शरीरावर फारसा ताण येत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाच्या ओढीला अडवणारे तेथे काहीच नसते. सारा हिशेब पाय टेकल्यानंतरच्या एक-दोन दशांश सेकंदांत चुकता होतो.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, आणि संवेग म्हणजे वस्तुमान व वेग यांचा गुणाकार. खेळाडूचे वस्तुमान आणि उडीची उंची ठरली की नाहीसा करावयाचा संवेगही ठरतो. उरतो तो एवढाच प्रश्न की तो किती वेळात, म्हणजेच किती अंतरात, नाहीसा करायचा. पाय टेकल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत गुरुत्वमध्य आणखी जितका खाली जातो त्याला थांबण्याचे अंतर म्हणता येईल. पाय ताठ ठेवून हे अंतर केवळ ५ सेंटिमीटर राहिले, तर जमिनीकडून येणारे सरासरी बल शरीराच्या वजनाच्या ५० पटींहून अधिक भरते, आणि असा आघात हाडे व सांधे निमूटपणे सोसणार नाहीत. घोटे, गुडघे आणि कंबर वाकवून हेच अंतर ५० सेंटिमीटरपर्यंत नेले, तर बल सुमारे ६ पटींवर येते. त्यात १० सेंटिमीटर दबणारी गादी मिळवली, तरी ते ५ पटींच्या थोडेसेच वर राहते. म्हणजे गादीवर पालकांचा जितका भरवसा असतो तितके काम ती करत नाही. मोठा वाटा पायांचाच असतो.

तरीही गादी निरुपयोगी ठरत नाही, कारण वरील आकडे सरासरीचे आहेत आणि दुखापत शिखरावर होते. पायाखालचे बल क्षणाक्षणाला नोंदवणाऱ्या पाटावर उडी घेतली असता आलेखात बहुधा दोन शिखरे दिसतात : एक चवडा टेकताना, दुसरे टाच टेकताना. पहिल्या काही मिलिसेकंदांत गुडघा जेमतेम वाकू लागलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी गादीचा फोम दबून शिखराची धार कमी करतो. फोम फार मऊ असला, तर मात्र पाऊल त्यात रुतून घोटा मुरगळण्याची भीती वाढते.

या घटनेत लक्ष वेधून घेणारा भाग पाय टेकण्याच्याही आधीचा आहे. ताणला गेलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने आकसायला काही दशक मिलिसेकंद घेतो आणि त्याचे बल उभे राहायला आणखी वेळ जातो. तोवर पहिले शिखर येऊन गेलेले असते. म्हणून मेंदू उंचीचा अंदाज घेऊन मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हवेतच ताणून ठेवतो. अंधारात जिना उतरताना संपलेल्या पायऱ्यांनंतर आणखी एक पायरी आहे असे समजून पाऊल टाकले, तर केवढा हिसका बसतो हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे उंची नगण्य असते, चुकलेली असते ती पूर्वतयारी. पाय टेकल्यावर हे स्नायू लांबत लांबत बल लावतात आणि गतिज ऊर्जा शोषतात. पन्नास किलोच्या खेळाडूच्या बाबतीत ही ऊर्जा सुमारे १,३०० ज्यूल असते.

सरावाच्या वेळी हे सारे कानांनी टिपता येते. चवडा, टाच, गुडघा, कंबर अशा क्रमाने उतरलेल्या उडीचा आवाज दबका येतो. टाचेवर आदळलेल्या उडीचा धप्प असा येतो. अनुभवी प्रशिक्षक एका मुलाची अढी, म्हणजे मल्लखांबाला पायांनी घातलेली पकड, तपासत असतानाच मागे पडलेल्या उडीला न वळता ‘टाचेवर आलास’ म्हणतो, त्यात चमत्कार काही नाही. आवाज कमी करून उतरण्याची साधी सूचना दिली, तरी बलाचे शिखर घटते असे प्रयोगांतही आढळले आहे. कानाला न कळणारा दोष मात्र डोळ्यांनीच पाहावा लागतो : गुडघे आत वळून एकमेकांकडे झुकणे. गुडघ्यातील पुढचा क्रूसबंध, म्हणजे मांडीच्या व नडगीच्या हाडांना जखडणारी तिरपी दोरी, अशा स्थितीत पाय टेकल्यानंतर पापणी लवायच्या आत तुटू शकते.

स्पर्धेची अपेक्षा मात्र भौतिकशास्त्राशी नेहमी जुळत नाही. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये उतरताना लहान पाऊल पडले, तर ०.१ गुण आणि पडल्यास पूर्ण १ गुण कापला जातो. वस्तुतः एखादे पाऊल पुढे टाकणे किंवा लोळण घेणे हा थांबण्याचा अवधी वाढवण्याचा सोपा मार्ग आहे. जागच्या जागी खिळून उभे राहण्याचे कौतुक स्पर्धेपुरते ठीक. रोजच्या सरावात, विशेषतः लहान मुलांकडून, तसा आग्रह धरणे अनाठायी आहे. त्यांना आधी गुडघ्याएवढ्या उंचीवरून उतरायला शिकवावे, धप्प आवाज बंद झाल्यावरच उंची वाढवावी, आणि दोन गाद्यांमध्ये पाऊल अडकेल अशी फट राहिलेली नाही ना, हे सराव सुरू होण्यापूर्वी रोज पाहून घ्यावे.