जुन्या स्पोर्ट्स कारच्या ऑइल कूलरला विद्युत पंख्याची जोड : दिवेआगर मार्गाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव अभ्यासकांना शके ९८२ च्या ताम्रपटामुळे परिचित आहे. १९९७ मध्ये तेथे सुवर्णगणेशाची मूर्ती सापडली, त्यानंतर ते सर्वसामान्य पर्यटकांच्याही परिचयाचे झाले. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा व बोर्ली पंचतन या मार्गाने तेथे पोहोचता येते. जुन्या गाड्या जतन करणाऱ्या हौशी मंडळींना सागरकिनाऱ्याची ही सफर मोहात पाडणारी असते. परंतु हाच मार्ग जुन्या इंजिनाची कसोटी पाहणारा आहे. परतीच्या प्रवासात ताम्हिणीचा चढ खालच्या गिअरमध्ये चढावा लागतो, तर सुट्टीच्या दिवशी माणगावच्या बाजारपेठेत वाहनांच्या रांगेत खोळंबावे लागते. अशा वेळी तेलाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि ऑइल कूलरला विद्युत पंखा जोडावा काय, असा प्रश्न उपस्थित होतो. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नात उष्णताशास्त्र, विद्युतशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा आणि वारसा जतन या पाचही विषयांचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात त्याचे क्रमशः विवेचन केले आहे.

तेलाचे दुहेरी कार्य

इंजिन ऑइल केवळ वंगण म्हणून काम करते, ही समजूत अपुरी आहे. पिस्टनचा अंतर्भाग, बेअरिंग व कॅमशाफ्ट येथील उष्णता वाहून नेण्याचे कामही तेच करते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत तर तेलाचा शीतनातील वाटा फार मोठा असतो. १९६३ मध्ये प्रथम प्रदर्शित झालेली पोर्शे ९११ ही गाडी याचे उत्तम उदाहरण होय. १९९८ पर्यंत तिच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नव्हता. १९८० च्या दशकातील ‘३.२ कॅरेरा’ या आवृत्तीत सुमारे १३ लिटर तेल मावत असे आणि उजव्या पुढील मडगार्डच्या पोकळीत स्वतंत्र ऑइल कूलर बसविलेला असे. पुढे १९८७ च्या आवृत्तीत निर्मात्यानेच या कूलरला तापमानानुसार चालणारा विद्युत पंखा जोडला. म्हणजे आज हौशी मंडळी जी सुधारणा करू पाहतात, ती मूळ अभियंत्यांनाही आवश्यक वाटली होती.

तेलाचे तापमान साधारणतः ९० ते ११० अंश सेल्सिअस असणे हितावह मानले जाते. ते फार कमी राहिल्यास तेलात मिसळलेली बाष्पे व इंधनाचे अंश उडून जात नाहीत आणि तेलात गाळ साचतो. उलट ते १३० अंशांच्या पुढे गेल्यास वंगणाचा थर पातळ होतो. २०डब्ल्यू-५० या प्रचलित प्रतीच्या तेलाची १०० अंशांना असणारी श्यानता १३० अंशांना सुमारे निम्म्यावर येते. शिवाय दर १० अंशांच्या वाढीमागे तेलाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणूनच घाटात वारंवार तापणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरच्या हिशेबापेक्षा बरेच आधी बदलावे लागते.

पंख्याची गरज केव्हा भासते?

कूलरमधून बाहेर पडणारी उष्णता ही तेल व हवा यांच्या तापमानातील फरक, कूलरचे क्षेत्रफळ आणि हवेचा प्रवाह यांवर अवलंबून असते. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता हवा आपोआप कूलरमधून वाहते. गाडी थांबताच हा प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो, इंजिन मात्र उष्णता निर्माण करीतच राहते. पुण्याच्या आकुर्डीस्थित बजाज ऑटोच्या २००७ मधील पल्सर २२० या मोटारसायकलीलाही ऑइल कूलर होता, पण पंखा नव्हता. उघड्या वाऱ्यात बसविलेल्या लहान कूलरला ते चालते. मडगार्डच्या बंदिस्त पोकळीतील कूलरची स्थिती मात्र वेगळी असते.

पंख्याने नेमके काय साध्य होते, हे साध्या गणिताने स्पष्ट करता येते. एखादा पंखा सेकंदाला ०.२५ घनमीटर हवा कूलरमधून ओढतो असे मानू. ३५ अंश तापमानाच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१५ किलोग्रॅम असते. ही हवा कूलरमधून जाताना २० अंशांनी तापली, तर ती सुमारे ५.७ किलोवॉट उष्णता वाहून नेते. ही उष्णता साधारण तीन घरगुती गिझरच्या शक्तीइतकी आहे. त्यासाठी खर्च होणारी वीज मात्र ८० वॉटच्या आसपास असते.

येथे कोकणातील दमट हवेविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दमट हवेत माणसाचा जीव कासावीस होतो, कारण घामाचे बाष्पीभवन मंदावते. कूलर मात्र बाष्पीभवनाने थंड होत नाही. त्यामुळे आर्द्रतेचा त्याच्या कार्यक्षमतेवर नगण्य परिणाम होतो. दिवेआगरच्या हवेतील खरा शत्रू आर्द्रता नसून क्षार होय.

जोडणीतील तत्त्वे

पंखा जोडण्यापूर्वी तापण्याचे कारण तपासणे हे पहिले कर्तव्य ठरते. तेलाची पातळी कमी किंवा जास्त असणे, कूलरच्या पात्यांत चिखल बसणे, तेलाचा थर्मोस्टॅट अडकणे, प्रज्वलनाची वेळ चुकणे, इंधनमिश्रण विरळ होणे किंवा तापमापकच चुकीचे दाखविणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. अशा दोषावर पंखा बसविणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर उपचार करणे होय.

दुसरे तत्त्व हवेच्या दिशेचे. गाडी धावताना हवा ज्या दिशेने वाहते, त्याच दिशेने पंख्याने हवा ढकलली वा ओढली पाहिजे. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजतो. शक्य असल्यास पंखा कूलरच्या मागे, थोडे अंतर ठेवून व भोवती आवरण देऊन बसवावा. तसे केल्याने हवा केवळ पात्यांसमोरील वर्तुळातून न येता संपूर्ण कूलरमधून ओढली जाते.

तिसरे तत्त्व नियंत्रणाचे. तापमानाचा स्विच कूलरकडे जाणाऱ्या गरम तेलाच्या नळीवर असावा. तो कूलरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर बसविल्यास थंड झालेल्या तेलाचेच तापमान मोजले जाते आणि पंखा उशिरा सुरू होतो. सुरू होण्याचे व बंद होण्याचे तापमान यांत सुमारे १० अंशांचे अंतर ठेवल्यास पंखा सतत चालू-बंद होत नाही. इंजिन बंद झाल्यावर तेलाचा पंप थांबतो. त्यानंतर पंखा केवळ कूलरमधील थोडे तेल थंड करतो, इंजिनातील नव्हे. म्हणून पंख्याचे नियंत्रण इग्निशनच्या किल्लीशी जोडणे योग्य. अन्यथा समुद्रकिनारी फिरून परतलेल्या मालकाला बॅटरी उतरलेली आढळते.

चौथे तत्त्व विजेचे. ८० वॉटचा पंखा १३.५ व्होल्टला सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट घेतो. एवढा भार जुन्या, नाजूक स्विचवर न टाकता रिले वापरावा आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा. जाण्या-येण्याची मिळून ८ मीटर तार धरल्यास, १ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.८ व्होल्टची घट होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ती सुमारे ०.३ व्होल्टवर येते. जुन्या गाडीतील अल्टरनेटर इंजिन मंद फिरताना अत्यल्प वीज देतो, डायनामो तर जवळजवळ देतच नाही. नेमक्या याच वेळी, म्हणजे रांगेत थांबलेले असताना, पंख्याची गरज सर्वाधिक असते. पावसाळी संध्याकाळी दिवे, वायपर व पंखा असे तिन्ही भार एकत्र आल्यास बॅटरी हळूहळू रिकामी होते. हा हिशेब जोडणीपूर्वीच मांडला पाहिजे.

क्षार, कायदा आणि वारसा

आरावी-शेखाडीचा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. तेथील खाऱ्या तुषारांमुळे ॲल्युमिनियमची पाती व पोलादी स्क्रू जेथे एकत्र येतात, तेथे विद्युत-रासायनिक गंज लवकर धरतो. त्यासाठी रबरी चकत्या, बंदिस्त मोटार व ग्रीस लावलेली जोडणी आवश्यक ठरते. सफरीनंतर कूलर गोड्या पाण्याच्या मंद धारेने धुवावा, कारण जोराच्या फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात. तेलाची रबरी नळी पंख्याच्या पात्यांना घासणार नाही, याची खात्री करणे तर सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे. गळणारे तेल तप्त भागांवर पडल्यास आगीचा धोका संभवतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन वा सांगाडा न बदलता जोडलेला पंखा या तपशिलाला स्पर्श करीत नाही. तथापि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असल्यास ते मूळ स्वरूपात असावे लागते. त्यामुळे बॉडीला नवे छिद्र न पाडता, असलेल्या बोल्टांच्या आधारे व पुन्हा काढता येईल अशीच जोडणी करणे श्रेयस्कर होय.

समारोप

जुनी गाडी चालविल्याशिवाय जिवंत राहत नाही, आणि चालविली की झिजते. हा पेच कोणत्याही वारसा वस्तूच्या जतनात येतोच. मूळ स्वरूपाच्या आग्रहापायी इंजिन जाळून घेणे हे जसे जतन नव्हे, तसेच सोयीसाठी गाडीची ओळख पुसून टाकणे हेही जतन नव्हे. कारण तपासून, गणित मांडून व परत काढता येईल अशा रीतीने बसविलेला पंखा या दोहोंमधील मार्ग दाखवितो. त्याच्या साहाय्याने माणगावच्या रांगेतही तापमानाचा काटा मर्यादेत राहिला, तर परतीचा ताम्हिणीचा चढ गाडीला निर्धोकपणे चढता येईल.